खालच्या अंगाची मतं

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर पेन्सिल हातात आली ती फक्त वाण्याचं सामान टिपायला. त्यामुळे जोडाक्षर आलं की हात थबकतो. हे कुणी उघडून वाचलंच, तर मला माफ करावं आणि अडलेला शब्द मागच्या-पुढच्यावरून लावून घ्यावा. मी हे कुणाला दाखवायला लिहीत नाही.

परवा माझा मुलगा वर्तमानपत्र वाचत होता. त्यात लिहिलं होतं की, हातावर पोट असलेल्या वस्त्यांतल्या बायका मतदानाला कमी उतरतात, कारण त्यांच्यात जागृती नाही. त्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "आई, आपल्या गल्लीत पण असंच होतं न्हवं?" मी नुसतं हं केलं. मला पटकन बोलता येत नाही. सगळं मनात जुळेपर्यंत समोरचा उठून गेलेला असतो. म्हणून इथं लिहून ठेवते.

मी लग्न होऊन मुरगूडकडून कोल्हापुरात आले तेव्हा आमच्या गल्लीची तीन अंगं होती. वरच्या अंगाला मास्तर, कारकून, एक वकील, एक औषधाच्या दुकानाचे मालक. त्यांच्या घरात नळ होते. मधल्या अंगाला तालीम आणि तालमीभोवतीची जुनी घरं. दारात म्हशी, परड्यात गवताच्या गंजी, घरटी एक तरी पैलवान. त्यांच्यासाठी तालमीपाशी एक नळ होता. खालच्या अंगाला, नाल्याच्या कडेला, आम्ही. आम्ही सगळी बाहेरून आलेली. कोण गारगोटीकडचं, कोण शिरोळचं पुरात घर गेलेलं, कोण निपाणीकडचं अर्धं कानडी बोलणारं. पुरुष गुळाच्या मार्केटात हमाली करायचे, गवंड्याच्या हाताखाली जायचे. आम्हाला नळ नव्हता. तालमीच्या नळावर मधल्या अंगाच्या बायकांचं झाल्यावर आमची पाळी, आणि तोवर धार करंगळीएवढी झालेली असायची.

मतांचंही असंच तीन तऱ्हेचं होतं. वरच्या अंगाचे लोक विचार करून मत द्यायचे, आणि ऊन जास्त असलं तर देतच नसत. मधलं अंग तालीम सांगेल तिकडे जायचं. मारुतीसमोर नारळ फुटला की बाप, लेक, चुलता सगळ्यांचं ठरलं. आम्ही खालची मात्र एक माणूस घरी राहू द्यायचो नाही. बाळंतीण सुद्धा कानाला फडकं बांधून जायची. ज्याच्या घरात पाणी येतंय त्याला मेंबर कोण झाला यानं फरक पडत नाही. आम्हाला पडायचा.

माझे सासरे हमालांचे मुकादम होते. मी त्यांना मामंजी म्हणायची. उंच, कमी बोलणारे, खांद्यावर गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, काळा डाग कायमचा पडलेला. खालच्या अंगात भांडण झालं, बारसं असलं, मयत असलं, की मामंजी. त्यांच्या शब्दाला तालमीतसुद्धा मान होता.

तेव्हा महापालिका झाली नव्हती, नगरपालिका होती. निवडणूक आली. तालमीकडून म्हशीवाले दादा उभे राहिले. त्यांचा दुधाचा मोठा धंदा होता आणि भावाची गुळाची अडत होती. मामंजी आणि आमचे हे त्याच अडतीवर कामाला. दादांची निशाणी कपबशी. समोर वरच्या अंगाचे वकील, त्यांची छत्री.

खालच्या अंगाला नळ द्यायला नगरपालिका तयार होती, पण पाइपाचा आणि खुदाईचा खर्च लोकवर्गणीतून भरा म्हणत होती. अठराशे रुपये. आमच्या घरांतली भांडी विकली असती तरी तेवढे आले नसते. दादांनी ते भरले. निवडणुकीच्या दीड-दोन महिने आधी नाल्याच्या कोपऱ्यावर नळ बसला. पहिल्या दिवशी पाणी आलं तेव्हा आमच्या शेजारच्या निपाणीकडच्या बाईनं तोटीला हळदीकुंकू वाहिलं.

नळ बसल्यावर दादांनी मामंजींना तालमीत बोलावलं. बरोबर खालच्या अंगाचे आणखी चार-पाच कर्ते पुरुष गेले. मारुतीसमोर ताटात बेल आणि भंडारा ठेवला होता. दादा म्हणाले, "मुकादम, पैशाचं मी बोलत न्हाय. मला मतं पायजेत. खालच्या अंगाची समदी. बाया-बापय."

मामंजींनी बेलभंडारा उचलला. खालच्या अंगाचं एकही मत पेटीत पडायचं राहणार नाही, राहिलं तर तुमचे पैसे माझ्या अंगावर, असं बोलले. आमच्यात बेलभंडारा उचलून बोललेलं कागदावर घ्यावं लागत नाही. घरी येऊन त्यांनी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगितलं. त्या चुलीपुढं होत्या. म्हणाल्या, "उचलला न्हवं? मग झालं. मतं काय, टाकायचीच हायती."

यात अवघड काय, असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

अवघड होतं ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मतदारांच्या यादीत बाईचं नाव नवऱ्याच्या नावासकट असतं, आणि केंद्रावर ते विचारतात. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. लग्नात, हळदीकुंकवाला उखाण्यात घेतात तेवढंच, ते देवाच्या आणि बायकांच्या समोर. आधीच्या निवडणुकांना मतदान तालमीतच असायचं. तिथं टेबलाशी बसलेला माणूस ओळखीचा. बाई पुढं आली की तोच म्हणायचा, ही अमक्याची कारभारीण, लिवा. बाई मान हलवायची आणि शाई लावून घ्यायची. त्यामुळे नाव घ्यायची वेळ कुणावर आलीच नव्हती.

त्या वेळी मतदान वरच्या अंगाच्या शाळेत ठेवलं. बायकांची खोली वेगळी, पेटी वेगळी. आम्ही सकाळीच निघालो, डोकीवर पदर, हातात चिठ्ठ्या. पुढं आत्याबाई, त्यांच्या मागं मी पोरीला काखेत घेऊन, माझ्या मागं निपाणीकडची, मग बाकीच्या. वरच्या अंगाच्या दोन बायका आमच्या आधी होत्या. त्या पटापटा आपलं नाव, नवऱ्याचं नाव सांगून मत टाकून गेल्या.

आत वकिलांच्या बाजूनं एक मास्तर बसले होते. गोरे, चष्मा लावलेले, बोलणं अगदी मऊ. आत्याबाईंनी चिठ्ठी पुढं केली. मतदान घेणाऱ्या साहेबांनी यादीत बोट ठेवलं. मास्तर म्हणाले, "साहेब, ओळख पटवून घ्या. बाईंना पतीचं नाव विचारा."

साहेबांनी विचारलं. आत्याबाईंनी चिठ्ठीच आणखी पुढं सरकवली.

आमच्या बाजूनं बसलेला तालमीचा पोरगा म्हणाला, "साहेब, ही मुकादमाची मालकीण. समदी गल्ली वळखती."

"तुम्ही सांगून नाही चालायचं," मास्तर म्हणाले. "नियम आहे. बाईंनी स्वतः सांगायला पाहिजे."

साहेब नवीन होते, बाहेरगावचे. त्यांनी मास्तरांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "सांगा ना आजी. नुसतं नाव तर सांगायचंय."

"न्हाय घेत आमी," आत्याबाई म्हणाल्या.

तेव्हा मास्तर हसले. दाराबाहेर पुरुषांची रांग होती, तिकडं बघून जरा मोठ्यानं म्हणाले, "मग उखाण्यात घ्या. आम्ही ऐकतो सगळे."

बाहेर हशा झाला. आत्याबाईंचा चेहरा मला मागून दिसत नव्हता, पण मानेवरची शीर उठलेली दिसली. त्या म्हणाल्या, "तुज्या आईला सांग घ्याला. तिचा गळा गोड असंल." आणि चिठ्ठी टेबलावर ठेवून वळल्या.

आता माझी पाळी होती. ह्यांचं नाव माझ्या जिभेवर होतं की नव्हतं, ते आज सांगता येत नाही. पण सासूनं घेतलं नाही आणि सुनेनं घेतलं, असं आमच्याकडं होत नाही. आत्याबाई माझ्या अंगावरून पुढं गेल्या आणि मी त्यांच्या मागं वळले. माझ्यामागं निपाणीकडची वळली. रांगेतल्या सगळ्यात थोरल्या बाईनं पाठ फिरवली होती, त्यामुळे खालच्या अंगाची सगळी रांगच वळली. मागच्यांना काय झालं हे कळलंही नव्हतं. थोरली फिरली, आपण फिरायचं. शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर कुणीतरी विचारलं, "काय झालं वो मावशी? खोली बदलली काय?"

आत्याबाईंनी काही लपवलं नाही. घरी येऊन उंबऱ्यावर बसल्या आणि मामंजींना म्हणाल्या, "आमी मत टाकलं न्हाय. एकीनं बी न्हाय."

मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. मग पायात वहाणा घातल्या. "चला. मी संगट येतो."

आम्ही परत गेलो. काही जणी तोवर कामाला गेल्या होत्या, ज्या होत्या त्या आल्या. फाटकात पोलिसानं मामंजींना अडवलं. बायकांच्या खोलीत पुरुष जायचा नाही. ते फाटकाशी थांबले आणि आत्याबाईंना म्हणाले, "घे नाव. मी काय मरत न्हाय."

"तुमास्नी काय म्हाईत?" आत्याबाई म्हणाल्या.

"भंडारा उचललाय मी."

"मला ठावं हाय."

दोघं समोरासमोर उभी होती. माणसं येत-जात होती. मला वाटलं मामंजी आता ओरडतील, हात उगारतील. दुसऱ्या कुणी उगारला असता. पण ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चल घरी."

पेट्या फुटल्या. पुरुषांच्या पेटीत कपबशी पुढं होती. बायकांची पेटी फोडली तर वरच्या अंगाची छत्री, मधल्या अंगाची कपबशी, कारण पैलवानांच्या घरच्या बायकांना अडवायची मास्तरांची छाती झाली नव्हती, आणि खालच्या अंगाचं काहीच नाही. ऊन असूनही त्या खेपेला वरच्या अंगाच्या झाडून सगळ्या बायका आल्या होत्या. दादा थोडक्यात पडले. आमची मतं पडली असती तर ते आले असते का, हे मला सांगता येत नाही. पण गल्लीनं ठरवलं की आले असते.

कारण विचारायला दादा स्वतः आमच्या दारात आले. मामंजींनी जे झालं ते सांगितलं.

"व्हय काय," दादा म्हणाले. "म्हंजे बायकांनी नवऱ्याचं नाव घेतलं न्हाई म्हणून मी पडलो. हे मी लोकास्नी सांगू? हसतील मला, मुकादम."

"खरं हाय ते हाय."

"खरं मला कळलंय. छत्रीवाल्यानं लुगडी वाटली. मत टाकायला न्हाय, घरात बसायला."

मामंजी म्हणाले, "मी भंडारा उचललाय. पैसे माझ्या अंगावर. बायकांचं नाव काढू नका."

पण लुगड्याची गोष्ट दादांच्या तोंडून बाहेर पडली होती. संध्याकाळपर्यंत ती तालमीतून नळावर आणि नळावरून घराघरांत गेली. खालच्या अंगाच्या घरांतून ते दोन-तीन दिवस मारल्याचे आवाज येत होते. निपाणीकडचीच्या नवऱ्यानं तिची पेटी उपसली. तिच्यात एक कोरं इरकली लुगडं निघालं. तिच्या भावानं दिवाळीला आणलं होतं, आणि मी ते तेव्हाच पाहिलं होतं, हात लावून पाहिलं होतं. ती त्याला हेच सांगत होती. कानडीत सांगत होती, कारण घाबरली की तिला मराठी सुचत नसे. आत्याबाई मधे पडायला गेल्या, तर तो म्हणाला, "तू बोलू नगंस म्हातारे. तुज्या मागनं फिरली ही."

भाऊ येऊन तिला घेऊन गेला. बरोबर चार वर्षांची मुलगी. ती परत आली नाही. दुसऱ्या वर्षी तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. त्या नव्या बाईनं नळावर येऊन मला विचारलं होतं, "पहिली कशी होती वो?" मी काय सांगणार. चांगली होती, म्हटलं.

अडतीवरून मामंजींना आणि ह्यांना, दोघांनाही कामावरून कमी केलं. मामंजींना दुसरीकडं काम मिळालं, पण मुकादम म्हणून नाही, साधे हमाल म्हणून, आणि त्यांचं वय ते राहिलं नव्हतं. गुळाचा हंगाम आला की दिवसभर रवे उचलायचे. शनिवारी पगार झाला की त्यातले काही पैसे आमचे हे दादांच्या घरी पोचते करायचे. मामंजी स्वतः जात नसत. ते तालमीवरून जायचेच थांबले होते. नाल्याच्या कडेनं, चिखलातून, लांबच्या वाटेनं मार्केटला जायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, तिकडनं जवळ पडतं.

नळाला पाणी येत राहिलं. कुणी तो तोडला नाही. आत्याबाई हंडा लावताना म्हणायच्या, "हळू भर गं. दुसऱ्याचं हाय अजून."

तिसऱ्या हंगामात मामंजी भिजले आणि छातीत पाणी झालं. सरकारी दवाखान्यात आठ-दहा दिवस होते. शेवटी शेवटी ते ह्यांना म्हणाले, "निम्मं बी फिटलं न्हाय. तू बघ." ह्यांनी मान हलवली. पण तेरावं झाल्यावर घरात म्हणाले, "भंडारा मी उचलला न्हवता. एकाच्या शपथंला दुसरा का बांदील? दादाला काय कमी हाय?"

ह्यांचंही अगदी चूक होतं असं मी म्हणणार नाही. घरात खायला नव्हतं.

मयताची नोंद करायला नगरपालिकेत आत्याबाई आणि मी गेलो होतो. हे कामाला गेलेले. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "मयताचं नाव?" मी पुढं होऊन हळूच सांगणार, तेवढ्यात आत्याबाई बोलल्या. मामंजींचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव. मोठ्यानं, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. कारकून म्हणाला, "हळू बोला, ऐकू येतंय." चाळीस वर्षांच्या संसारात उखाण्याशिवाय त्यांच्या तोंडून ते नाव कुणीच ऐकलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी त्यांनी खालच्या अंगाच्या बायकांना आमच्या दारात बसवलं. म्हणाल्या, "पोरींनो, भिशी लावायची. म्हैन्याला रुपाया. पर नंबर कुणाचाच काढायचा न्हाय. समदे दादाचे."

एकजण म्हणाली, "मावशी, आमच्या मालकांनी कुटं शपत घेतल्या?"

"मालकांचं ऱ्हाऊ दे. त्या दिशी शाळंतनं कोण कोण फिरलं? मी फिरले, तुमी फिरलासा. ज्या फिरल्या त्यांनी भरायचं. मत आपलं हुतं, त्यांनी गहाण टाकलं. आता आपून सोडवायचं."

"आणि निपाणीकडची? ती तर गेली."

"तिचा रुपाया मी घालीन."

रुपया सांगायला सोपा. आम्ही मिरचीच्या वखारीत जायला लागलो. संकेश्वरी मिरचीची पोती यायची, तिची देठं खुडायची. खोकून खोकून जीव जायचा, हात असे भाजायचे की रात्री पोरीला जवळ घेता येत नसे, ती माझा हात लागला की रडायची. खोबरेल तेल लावून हात वर धरून बसायचं. आत्याबाई आमच्यापेक्षा जास्त खुडायच्या, दोन रुपये काढायचे असायचे म्हणून. दोघीतिघींनी मधेच सोडलं. कुणाचा नवरा अडवायचा, कुणी गल्ली सोडून गेली. दुष्काळाच्या साली वखार बंद पडली आणि वर्षभर भिशी थांबली. तरी परत सुरू झाली.

या मधल्या काळात निवडणुका आल्या आणि गेल्या. मोठ्याही आल्या, ज्यांचा आमच्या नळाशी काही संबंध नव्हता. पुरुष जायचे. बायका गेल्या नाहीत. आत्याबाईंचं म्हणणं होतं की, गहाण पडलेला डाग, म्हणजे दागिना, सोडवून आणल्याशिवाय अंगावर घालता येत नाही, तसंच हे. मला हे बरोबर वाटायचं की नाही, ठाऊक नाही. पण त्या दारात उभ्या असल्या की पुढून जायची छाती कुणाची नव्हती.

एकदा मतदानाच्या आधी वरच्या अंगाच्या दोघीतिघी शिकलेल्या बायका आमच्याकडं सभा घ्यायला आल्या. सतरंजी त्यांनीच आणली होती. एक बाई म्हणाल्या, "भगिनींनो, मत हा तुमचा हक्क आहे. पाच मिनिटांचं काम असतं. अज्ञानामुळे तुम्ही हक्क वाया घालवता." त्या मनापासून बोलत होत्या. मग आत्याबाईंकडं वळून म्हणाल्या, "आजी, आता तर तुम्हाला नाव घ्यायला काही हरकत नाही."

त्यांना वाईट म्हणायचं नव्हतं. मामंजी गेले, मग आयुष्य कमी व्हायची जुनी भीती आता उरली नाही, एवढंच. सतरंजीवरच्या सगळ्या बायका एकदम खाली बघायला लागल्या.

आत्याबाई म्हणाल्या, "व्हय बाई. आता काय हरकत न्हाय." आणि उठून आत गेल्या.

महापालिका झाली, वॉर्ड नव्यानं पाडले, आणि दादांना परत उभं राहायचं होतं. केस पांढरे झाले होते, एक पाय ओढत चालायचे. ते आमच्या दारात आले तेव्हा मी मिरचीच्या कपड्यांनिशी नळावर हात धूत होते. आत्याबाई ओट्यावर.

"वैनी," ते बसत म्हणाले, "मुकादमासारखा मानूस झाला न्हाय. मी त्या वक्ताला तापलो हुतो. लुगड्याचं बोलायला नगं हुतं मी."

आत्याबाईंनी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

"ऱ्हायलेलं सोडलं मी. एक पैसा देऊ नगासा. फक्त ह्या टायमाला बाया मतदानाला येऊ देत. आता नाव-बिव कोण विचारत न्हाय, आपलीच पोरं बसवतो."

मी हात धुवायची थांबले. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मिरची सुटली, असंच आलं मनात. शेजारच्या दारात उभ्या असलेल्या बायकांचेही चेहरे फुलले होते.

आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजे परत तेच की वो दादा."

"परत काय?"

"तवा नळ देऊन मतं घेतलासा. आता पैसे सोडून घेतासा. आमची तुमच्याकडं गहाणच ऱ्हायली."

"वैनी, उलटं धरू नका. भलं सांगतोय."

"भलं हाय. पर नगं. ह्या टायमाला बी आमी येत न्हाय. पैसे फिटूंदेत, मग तुमी बी मागायला या, छत्रीवालं बी येऊंदेत."

दादा उठले. दारातल्या बायकांकडं बघून म्हणाले, "बगा बायांनो. म्हातारी तुमास्नी मिरचीत मारनार."

ते गेल्यावर बायका आत्याबाईंना वाट्टेल ते बोलल्या. मीही घरात भांडी आपटली. त्या निवडणुकीला दोघी जाऊन मत टाकून आल्या. आत्याबाईंनी त्यांना बोल लावला नाही, पण पुढच्या महिन्यात त्यांचा रुपया घेतला नाही. "तुमचं सुटलं," एवढंच म्हणाल्या. त्यातली एक रडली आणि रुपया ओट्यावर ठेवून गेली. तो दोन दिवस तिथंच होता, मग आत्याबाईंनी तिच्या पोराच्या हाती परत पाठवला.

त्यानंतर आणखी काही वर्षं लागली. आम्ही भरणाऱ्या पाच-सहाजणीच उरलो होतो. आत्याबाईंची दृष्टी गेली होती, तरी देठं बोटांनी चाचपून खुडायच्या. पैशाची किंमत इतकी उतरली होती की सुरुवातीला ज्या रुपयासाठी दोन दिवस बसावं लागे, तो आता अर्ध्या दिवसात निघत होता. म्हणजे फसलं कोण, आम्ही की दादा, असं एकदा मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते मुकादमाला इचार."

शेवटचे पैसे घेऊन आम्ही दिवसाउजेडी गेलो. मी त्यांचा हात धरला होता, बाकीच्या मागं. दादांच्या गोठ्यात आता चारच म्हशी होत्या. ते बाजेवर बसून होते. वकील वारले होते, दादा शेवटपर्यंत निवडून आले नव्हते, आणि तालमीतल्या पोरांनी आता तिसऱ्याच कुणाचा तरी नारळ फोडला होता.

मी पुडकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मोजलं नाही.

"मोजा," आत्याबाई म्हणाल्या.

"कशाला, वैनी. हाय ते बराबर हाय."

"मला दिसत न्हाय. तुमी मोजा, मी आयकते."

दादांनी एकेक नोट मोठ्यानं मोजली. मधे एकदा चुकले आणि परत पहिल्यापासून धरलं. आम्ही उभ्या होतो. त्यांच्या सुनेनं चहा आणला, तो कुणी घेतला नाही, त्यावर साय धरली. मोजून झाल्यावर त्यांनी पैसे उशाखाली ठेवले आणि म्हणाले, "फिटले. समदे फिटले."

"कुणाचे?" आत्याबाईंनी विचारलं.

दादांनी मामंजींचं नाव घेतलं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव, आणि म्हणाले, त्यांनी बेलभंडारा उचलून अंगावर घेतलेले अठराशे रुपये पुरे फिटले, माझं आता काही येणं नाही.

आत्याबाईंनी मान हलवली, आणि आम्ही त्यांना धरून गोठ्याबाहेर आणलं.